भीमरावाचा चौथा

"चाळीस झाले, मॅडम. एक्केचाळिसावा हुबाले स्मशानात आहे. त्याचं पण रक्त आणून देऊ का?"

इन्स्पेक्टर घोडके बसले नाहीत. टोपी काढून त्यांनी ती माझ्या टेबलावर, अहवालांच्या गठ्ठ्यावर ठेवली. मी ती उचलून बाजूच्या स्टुलावर ठेवली.

"गेलेल्या माणसाचं रक्त मिळत नाही," मी म्हणाले. "दात चालतो."

ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

ही २००९ च्या मार्चमधली गोष्ट. मी तेव्हा सरकारी प्रयोगशाळेच्या डीएनए विभागात विश्लेषक होते. घोडकेंकडे सोळा-सतरा वर्षांपूर्वीची एक फाइल पुन्हा उघडून आली होती. १९९० ते ९३ या काळात कुंभेरी आणि आसपासच्या गावांत, कालव्याच्या कडेने, चार बायकांचे खून झाले होते. चौघीही एकट्या शेतावरून घरी येत होत्या. पहिल्या तिघींच्या वेळी कुणी सापडलं नाही. चौथी शेवंता ऐवळे. तिच्या वेळी पोलिसांनी तिच्या नवऱ्यालाच धरलं. तातोबा ऐवळे चौदा महिने तुरुंगात होता. मग कोर्टाने त्याला संशयाचा फायदा देऊन सोडलं. गावाने त्यातला 'संशय' तेवढा ठेवून घेतला.

एका हवालदाराच्या टापटिपीमुळे चौघींचे कपडे टिकले होते. त्याने ते प्लास्टिकमध्ये कोंबले नव्हते; सुकवून, खाकी कागदात गुंडाळून, लाखेने बंद करून माळ्यावर ठेवले होते. तो माणूस मला कधी भेटला नाही. त्याच्या गाठी मात्र मी सोडल्या, आणि चारपैकी तीन कपड्यांवर मला एकाच पुरुषाचं वाय गुणसूत्र मिळालं.

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. त्यावरची सतरा ठिकाणं आम्ही मोजतो. प्रत्येक ठिकाणी एक आकडा मिळतो. बाप, मुलगा, चुलता, चुलतभाऊ, सगळ्यांचे सतरा आकडे सहसा सारखेच असतात. एखाद्या पिढीत एखादा आकडा एकाने वाढतो किंवा घटतो, आणि त्या शाखेत पुढे तोच चालू राहतो.

त्याआधीच्या डिसेंबरात कुंभेरीच्या शाळेत आम्ही शिबिर लावलं. त्या काळात त्या भागात राहणाऱ्या दोनशे बारा पुरुषांनी आपखुशीने रक्त दिलं. गावच्या पोलीस पाटलांनी, बापूसाहेब कलढोण्यांनी, सतरंज्या घातल्या, चहा सांगितला, यादी वाचून एकेकाला पुढे पाठवलं आणि पंच म्हणून पानापानावर सह्या केल्या.

रांगेत पहिला उभा होता तातोबा ऐवळे, असं तिथे गेलेल्या सहकाऱ्यांनी मला सांगितलं. पन्नाशीचा, वाळलेला, स्वच्छ धोतर.

"आधी माझं घ्या," तो म्हणाला. "कुनी म्हनाया नगं, मागनं आला."

त्याचे आणि खुन्याचे आकडे सतरापैकी अकरा ठिकाणी वेगळे निघाले. तो प्रयोगशाळेत चौकशीला आला तेव्हा मी त्याला ते सांगितलं. वाटलं होतं, त्याला बरं वाटेल.

"मी न्हवं ह्ये मला ठावं हाय की, बाई," तो म्हणाला. "लोकं इचारत्यात, मग कोण? त्याला मी काय सांगू?"

त्याने टेबलावरचा अहवाल माझ्याकडे परत सरकवला.

"माज्या लोकांचं सोडा. पोरगं चार वर्साचं हुतं तवा मामा घेऊन गेला. आता वीस वर्साचा बाप्या झालाय. बाजारात मला बगितलं की रस्ता बदलतोय. 'आईला ह्यानंच मारली' म्हनून वाडलाय त्यो. त्याला नुसतं 'तुजा बा न्हवता' सांगून भागत न्हाय. कुनी मारली त्ये सांगाय पायजे."

मला हे काम तेव्हापासून त्या मुलासाठी होतं. मी त्याला पाहिलं नव्हतं.

दोनशे बारांमधल्या एकाचेच आकडे खुन्याच्या जवळ गेले. कुंभेरीच्या शाळेत शिकवणारे हुबाले गुरुजी, राहणार शेजारच्या दुधगिरीचे. सतरापैकी सोळा आकडे तेच, उरलेला एक आकडा एकाने कमी. त्यांचं वय पाहता खुनांच्या वेळी ते शाळेत शिकत होते, आणि आकडाही त्यांना बाजूला काढत होता. पण घराणं तेच होतं. मी अहवालात लिहिलं: 'सदर पुरुष हा हुबाले घराण्यातील आहे.' मग घोडके दुधगिरीचे सगळे हुबाले गोळा करायला लागले, आणि मार्चच्या त्या सकाळी चाळिसावा नमुनाही जुळला नाही; सगळ्यांचा तो एक आकडा गुरुजींसारखाच निघाला.

"एकतीस तारखेपर्यंत मला लिहून द्यायचंय," घोडके म्हणाले. "नाहीतर 'अ' समरी. गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. फाइल पुन्हा माळ्यावर. आता सांगा, चुकतंय कोण? तुमचं मशीन की माझे पोलीस?"

"मशीन मी तीनदा तपासलंय."

"म्हणजे पोलीस."

"तुमचा तक्ता दाखवा."

त्यांनी पिशवीतून ड्रॉइंगचा कागद काढला. रेशनकार्डं, शाळेचे दाखले आणि मतदारयाद्या बघून त्यांच्या माणसांनी हुबाले घराण्याच्या पाच पिढ्या काढल्या होत्या. काम चांगलं होतं, मी तसं म्हणालेही. मग मी पेन्सिलने एकेक शाखा तपासत गेले. जिथून एकही नमुना आला नव्हता अशी एकच शाखा उरली. भीमराव हुबाले. तीन मुलगे, तिघेही १९८८ च्या आत वारलेले, एकालाही मुलगा नाही. शाखेवर लाल रेघ होती.

"खुनी या शाखेतला असला पाहिजे," मी म्हणाले.

"मॅडम, ही शाखा बुडालीय. शेवटचा खून त्र्याण्णवचा. म्हणजे तुमचं शास्त्र म्हणतंय, खून भुतानं केले?"

"माझं शास्त्र म्हणतंय, तक्ता अपुरा आहे."

"रेशनकार्डात नाही तो माणूस हुडकू कुठं?"

"गुरुजींच्या घरी जाऊ या."

"आपण? तुम्ही?"

नोकरीला लागल्यापासून चौदा वर्षांत मी एकाही केससाठी गावात पाऊल ठेवलं नव्हतं. शिबिरालासुद्धा माझे सहकारी गेले होते. विश्लेषकाने माणसं बघू नयेत, नमुने बघावेत, असं मला वाटायचं, अजूनही वाटतं. पण त्या दिवशी मी कपाटाला कुलूप लावलं, दोन ओळींचा एक कागद पर्समध्ये टाकला आणि जीपमध्ये बसले.

दुधगिरीत गुरुजी ओसरीवर वह्या तपासत होते. तक्ता बघून त्यांनी मान हलवली.

"मला आजोबांच्या पलीकडचं काही सांगता यायचं नाही, मॅडम. पण तुमचं नशीब बघा, परवाच हेळवी आलाय. मारुतीच्या देवळामागं पाल टाकलंय. बोलावून घेतो."

हेळवी म्हणजे वंशावळ सांगणारा. बैलावरून फिरतो, दोन-तीन वर्षांनी एकदा गावात येतो, प्रत्येक घराच्या पिढ्या त्याच्या वहीत असतात. नवीन जन्मलेलं पोर लिहून घ्यायचं, जुनं सगळं दारात उभं राहून वाचून दाखवायचं, आणि धान्य घेऊन पुढच्या दारी जायचं. मी सांगलीकडचीच, लहानपणी आमच्या दारातही तो यायचा. आई सूप भरून ज्वारी घालायची. मला त्याची आठवण झाली नव्हती याची लाज वाटली.

सिद्राम हेळवी सत्तरीचा होता. दारात आल्यावर त्याने आधी घोडकेंच्या गणवेशाकडे बघितलं.

"कुनाची वाचायची? सायबांची?"

"माझी नको," घोडके म्हणाले.

"का वो? पोलिसाला बी बाप असतोय की."

गुरुजी हसले. घोडकेही हसले, नाइलाजाने.

"हुबाल्यांची वाच, सिद्रामण्णा," गुरुजी म्हणाले.

त्याने फडकं सोडलं, लांबट वही उघडली, कपाळाला लावली आणि उभ्याने वाचायला लागला. वाचणं म्हणजे जवळजवळ गाणंच, एका दमात पाच-सहा नावं. वहीतली अक्षरं मी वाकून पाहिली. ती ना धड मोडी होती ना कानडी. मी डोळे मिटले आणि बोटांवर मोजायला लागले. कुठल्या शाखेला किती, हे मला घोडकेंच्या तक्त्यावरून पाठ झालं होतं.

"...सखारामाचा भीमराव, भीमरावाला चौघं, थोरला ज्ञानू, मधला रामू, धाकटा संतू, ज्ञानू निपुत्रिक, रामूला दोन लेकी, संतू बिनलग्नाचा गेला, सखारामाचा दुसरा तुकाराम..."

"थांबा," मी म्हणाले.

तो थांबला. मध्येच कुणी थांबवत नसावं.

"भीमरावाला चौघं म्हणालात. नावं तीन घेतलीत."

"तिगंच."

"आधी चौघं म्हणालात."

सिद्रामने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खांदे उडवले.

"बाई, तुमी मोजत बसलाय व्हय?"

"माझं कामच ते आहे."

त्याने वही मिटली. बोट मात्र पानात ठेवलं.

"हुता एक. दिला. दिलेला ल्योक जन्मल्याल्या दारात वाचायचा नसतोय. दुसऱ्या घरानं त्याला बाप दिला, नाव दिलं. हितं बी वाचला तर एका मानसाला दोन बाप हुत्यात. माज्या बानं वाचला न्हाय, आज्यानं न्हाय. मोजत्यात, वाचत न्हाईत."

"दत्तक?" गुरुजी म्हणाले. "मला कुणी कधी बोललं नाही."

"दिलेल्याचं बोलत्यात व्हय, गुरुजी?"

"कुठं दिला?" घोडके पुढे झाले. "गाव कुठलं? नाव काय?"

"ह्या दारात न्हाय सांगायचं, सायेब."

"मी वही जप्त करीन."

"करा की. वाचनार कोन?"

घोडके लाल झाले. मी त्यांना हाताने थांबवलं आणि पायरीवर बसले. सिद्रामही मग बसला. बाई खाली बसलेली असताना उभं राहणं त्याला बरं वाटलं नसावं. मी पर्समधून कागद काढला. एका ओळीत खुन्याचे सतरा आकडे, खालच्या ओळीत गुरुजींचे. नावं नव्हती.

"ही माझी वही," मी म्हणाले.

त्याने कागद हातात घेऊन लांब धरला. "ह्ये आकडं कशाचं?"

"बापाचं. बापाचा बाप, त्याचा बाप. तुमच्यासारखंच. फक्त नावं नाहीत."

"नावाबगर वंश?"

"हो. ही खालची ओळ या दारची. वरची पण या दारचीच, भीमरावाच्या शाखेची. फक्त माणूस सापडत नाही."

तो बराच वेळ कागद बघत राहिला. मग त्याने विचारलं, "मग दत्तकाचं तुमी कसं लिवता?"

'हुबाले घराण्यातील' असं मी स्वतः, माझ्या हाताने लिहिलं होतं. गुणसूत्राला आडनाव मी दिलं होतं. पोलीस त्या आडनावाच्या मागे तीन महिने फिरले, आणि मी मशीन तीनदा तपासलं, ते वाक्य एकदाही नाही.

"लिहीत नाही," मी म्हणाले. "माझ्या वहीला दत्तक कळत नाही. मूल कुणाच्याही ओटीत घाला, आडनाव बदला, आकडे जन्म दिलेल्या बापाचेच राहतात."

"दत्तकाची पूजा केली तरी?"

"तरी."

सिद्राम हळू हसला. "म्हंजी तुमची वही माज्यापरास हट्टी."

मग मी त्याला चार बायकांचं सांगितलं. शेवंताचं सांगितलं. तातोबाचा मुलगा बाजारात रस्ता बदलतो तेही सांगितलं. मला एरवी इतकं बोलायची सवय नाही. सिद्राम बैलाकडे बघत ऐकत होता.

"ऐवळ्याची वही आमच्याकडं न्हाय," तो शेवटी म्हणाला. "त्येंच्या दारात आमी जात न्हवतो." मग वहीवर हात ठेवून म्हणाला, "माजा नेम मोडायचा न्हाय, बाई. हुबाल्याच्या दारात त्याचं नाव न्हाय निघायचं. पन ज्या घरात गेलाय त्या घरच्या वहीत त्यो हाय. ती वही वाचाय मला कुनाची ना न्हाय. तुमी घर सांगा, मी वाचतो."

"घर माहीत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो!" घोडके म्हणाले.

पण मला रस्ता दिसला होता.

"कुंभेरी तुमच्याकडे आहे?"

"अकरा गावं हाईत. कुंभेरी त्यातलंच."

"मग कुंभेरीची सगळी घरं वाचा."

"सगळी? त्रेसष्ट हाईत."

"मी बसते."

आम्ही देवळामागे त्याच्या पालाजवळ गेलो. त्याच्या बायकोने घोंगडं अंथरलं. अकराच्या सुमाराला वाचन सुरू झालं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब मोजमाप मी त्या घोंगड्यावर बसून केलं. पिढ्यांमागून पिढ्या जात होत्या, मी फक्त एका शब्दाची वाट बघत होते. सतराव्या घरात एक दत्तक निघाला, पण तो सख्ख्या पुतण्यालाच घेतलेला. तिसाव्या घराला गुरुजींनी डब्यातून भाकरी आणि ठेचा आणला. घोडके झाडाला टेकून डुलक्या घ्यायला लागले. चव्वेचाळिसाव्या घरात आणखी एक दत्तक, कर्नाटकातून आणलेला. सिद्रामचा आवाज बसायला आला. बायकोने पाणी दिलं, तो पुन्हा सुरू झाला.

"बावन्न. कलढोणे. आप्पाजीचा बाबाजी, बाबाजीला पोटचं न्हाय, बायको दुधगिरीची, हुबाल्याची भीमरावाची बहीण, तिनं भावाचा चौथा ओटीत घेतला, पाच वर्साचा, ह्या घरात नाव बापू, बापूला..."

घोडके डुलकीतून ताठ उठले.

"पुन्हा वाच."

त्याने वाचलं. तेच, त्याच चालीत.

"बापूसाहेब," घोडके म्हणाले. "पोलीस पाटील." त्यांचा आवाज उतरला होता. "मॅडम, शिबिरात त्यानं मला स्वतः चहा आणून दिला. यादी तोच वाचत होता."

"त्यांचा नमुना आपल्याकडे नाही."

"कसा असेल? पंच होता तो. पंचाचं रक्त कोण घेतंय?" त्यांनी टोपी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "तातोबाला खुनाच्या दिवशी कालव्यापाशी बघितला अशी साक्ष कुणी दिली होती, ठाऊक आहे? ह्यानंच."

"साहेब, अजून काहीच सिद्ध नाही," मी म्हणाले. "आपल्याला फक्त घर मिळालंय."

सिद्राम वही कपाळाला लावून बांधत होता. "अकरा घरं ऱ्हायली, बाई."

"वाचा," मी म्हणाले. घोडके माझ्याकडे बघतच राहिले. पण त्रेसष्ट म्हटल्यावर त्रेसष्ट. उरलेल्या अकरांत दत्तक नव्हता.

दुसऱ्या दिवशी घोडके न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी काढायला गेले. मी एक अट घातली. नुसता कलढोण्यांचा नमुना मी घेणार नाही. त्याच वयाच्या आणखी चार माणसांचे नमुने त्यात मिसळा, पाकिटांवर फक्त आकडे घाला, आणि कुठला आकडा कुणाचा हे सीलबंद करून कोर्टात ठेवा.

"का? आता संशय राहिलाय का?"

"तुम्ही साक्षीदाराला आरोपी एकटा दाखवता का?"

"नाही. ओळख परेड घेतो."

"मग ही माझी परेड."

सत्तावीस मार्चला पाच पाकिटं आली. मी एकटीने बसून मोजली. सहायकालासुद्धा हात लावू दिला नाही. पहिल्या पाकिटाचे आकडे लांबचे होते. दुसऱ्याचेही. तिसऱ्याचे मी एकेक करून खुन्याच्या ओळीखाली लिहीत गेले. गुरुजींचे आकडे ज्या एका ठिकाणी चुकत होते, ते ठिकाण आठवं. तिथे मी पेन थांबवला, आलेख पुन्हा पाहिला आणि आकडा लिहिला. तो जुळत होता. सतराच्या सतरा जुळले. तरी मी चौथं आणि पाचवं पाकीट पूर्ण मोजलं.

वाय गुणसूत्रावरून पितृवंश ठरतो, एकटा माणूस ठरत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी असते. शेवंताच्या लुगड्यावरून त्या चाचणीची नऊ ठिकाणं मला मिळाली होती. तिसऱ्या पाकिटाची नऊही ठिकाणं जुळली. भीमरावाचे तीन मुलगे तर केव्हाच वारले होते.

कोर्टातलं सीलबंद पाकीट उघडल्यावर घोडकेंचा फोन आला. ते फक्त एवढंच म्हणाले, "तीन."

"मी तीनच लिहिलंय," मी म्हणाले.

मग ते म्हणाले, "मॅडम, तेव्हा तुमच्या मशीनला बोललो. माफ करा."

"मशीनला सांगते," मी म्हणाले, आणि तो मात्र विनोद होता.

अहवालासोबत मी एक पुरवणी जोडली. 'पूर्वीच्या अहवालातील "हुबाले घराण्यातील" हे शब्द चुकीचे होते. "दुधगिरीच्या हुबाले यांच्याशी पितृवंशाने संबंधित, आडनाव कोणतेही असू शकेल" असे वाचावे.' आमच्या वरिष्ठांनी ती बाजूला काढून ठेवली. म्हणाले, स्वतःची चूक स्वतःहून कोण लिहितं, उलटतपासणीत वकील हेच धरेल. मी म्हणाले, धरू दे. दोन वर्षांनी वकिलाने खरंच ते धरलं. मी म्हणाले, हो, शब्द माझा चुकला होता, आणि तो मीच दुरुस्त केला. आकडा एकही चुकला नव्हता. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. कलढोण्याला जन्मठेप झाली. वरच्या कोर्टातही ती टिकली. नंतर आमच्या सगळ्या अहवालांत 'घराण्यातील' हा शब्द बंद झाला. तो आजही बंद आहे, आणि नवीन विश्लेषकांना तो का बंद आहे हे ठाऊक नसतं. मला त्याचं बरं वाटतं.

पण माझ्यासाठी ही केस आधीच संपली होती, २००९ च्याच जूनमध्ये.

दुपारी शिपायाने सांगितलं, कुणीतरी भेटायला आलंय. पंचविशीच्या आतला मुलगा, हाताच्या रेषांमध्ये ग्रीस गेलेलं, ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्यांचे असतात तसे हात. तो दारातच उभा राहिला.

"कुंभेरीची केस. शेवंता," तो म्हणाला. "मी मुलगा तिचा."

मी त्याला खुर्ची दाखवली. तो बसला नाही.

"पेपरात आलंय पाटलाचं. मामा म्हणतोय, पोलीस काय, कुणालाही धरत्यात. आधी ह्याला धरला, आता त्याला. म्हणून मी तुमच्याकडं आलो. तुम्ही मोजलंय म्हणे."

"मोजलंय."

"तात्या नव्हता?"

"नव्हते."

"नक्की? म्हणजे, शंभर टक्के?"

मी खुन्याची ओळ आणि तातोबाची ओळ एकाखाली एक लिहून त्याच्यासमोर ठेवली. "ही खुन्याची. ही तुमच्या वडिलांची. तुम्हीच बघा."

तो वाकला. बोटाने एकेक आकडा वरून खाली तपासत गेला, कुठल्याशा मशीनचे भाग जुळतात का बघावं तसा. जिथे वेगळे होते तिथे त्याचे ओठ हलत होते. शेवटी सरळ झाला.

"अकरा," तो म्हणाला.

"अकरा. एकच वेगळा असता तर शंकेला जागा राहिली असती. अकरा म्हणजे शंकाच नाही."

तो खिडकीकडे बघत राहिला. मग पुन्हा कागदावर आला आणि तातोबाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"माझं रक्त काढलं तर कुठली ओळ येईल?"

"हीच. बहुधा सतराच्या सतरा."

"न काढता सांगताय?"

"न काढता."

त्याच्या काळ्या बोटाचा ठसा कागदावर उमटला होता. त्याने तो पुसायचा प्रयत्न केला, जास्तच पसरला.

"ह्याची शिक्क्याची कॉपी मिळंल का? मामाला दाखवायची. आणि गावात."

"मिळेल. अर्ज करावा लागतो. हा अहवाल फक्त तुमच्या वडिलांना किंवा त्यांच्या जवळच्या नातेवाइकाला देता येतो."

मी छापील अर्ज दिला, पेन दिलं. तो आता खुर्चीत बसला. 'अर्जदाराचे पूर्ण नाव' या ओळीवर त्याचं पेन थांबलं. मला तातोबाकडून कळलं होतं. मामाने त्याला आपलंच आडनाव लावून शाळेत घातलं होतं.

"कागदपत्रांवर आहे तेच लिहा," मी म्हणाले. "नाहीतर कार्यालय अडवेल."

"कागदपत्रांवर प्रदीप सकटे आहे."

"मग तेच."

मग त्याने लिहायला सुरुवात केली, जपून, एकेक अक्षर सुटं. लिहून झाल्यावर अर्ज माझ्याकडे वळवला.

'प्रदीप तातोबा ऐवळे.' आणि खाली, 'नाते' या रकान्यात, 'मुलगा'.

"अडवलं तर अडवू दे," तो म्हणाला. "शाळेचं मी बदलून आणतो."

मी अर्ज घेतला. नियमाप्रमाणे ओळखपत्राशी नाव जुळत नव्हतं, आणि नियमाच्या बाहेर मी आयुष्यात फारसं काही केलेलं नाही. पण नात्याचा पुरावा माझ्यासमोर टेबलावर होता, मी मोजलेल्या तातोबाच्या ओळीवर उमटलेला त्याचा काळा ठसा. मी खाली 'नाते पटले' असं लिहिलं, सही केली, आणि एरवी मी करते त्यापेक्षा ती जरा मोठी केली.